इटलीतील शालेय शिक्षण

दिव्यांग मुलांना वेगळ्या शाळेत न पाठवता इतर मुलांच्याच वर्गात शिकवणारी देशव्यापी व्यवस्था. बालशाळा (वय ३ ते ६) ऐच्छिक असते. सक्तीचे शिक्षण सहाव्या वर्षी सुरू होऊन सोळाव्या वर्षापर्यंत चालते : प्राथमिक पाच वर्षे, कनिष्ठ माध्यमिक तीन वर्षे आणि पाच वर्षांच्या उच्च माध्यमिकातील पहिली दोन. उच्च माध्यमिकात लिचेओ (मुख्यतः विद्यापीठाची तयारी करून घेणारी शाळा), तांत्रिक आणि व्यावसायिक अशा तीन वाटा आहेत. शेवटी ‘मातुरिता’ ही शासकीय परीक्षा होते.

‘शाळा सर्वांसाठी खुली आहे’ हे १९४८ च्या राज्यघटनेच्या ३४ व्या कलमातले पहिले वाक्य. तरीही पुढे कित्येक वर्षे अकराव्या वर्षीच मुलांची वाटणी होई : काही लॅटिन शिकवणाऱ्या शाळेत, बाकीची कामधंद्याच्या शिक्षणाकडे. १९६२ च्या कायद्याने सर्वांसाठी एकच कनिष्ठ माध्यमिक शाळा आणली. दिव्यांग मुले मात्र विशेष शाळांत किंवा निराळ्या वर्गांतच राहिली. १९७१ च्या कायद्याने त्यांना सर्वसाधारण वर्गांची दारे उघडली, पण गंभीर दिव्यांगत्वाची मुले वगळून. १९७७ च्या ५१७ क्रमांकाच्या कायद्याने निराळे वर्ग बंद केले आणि वर्गातल्या दिव्यांग मुलांसाठी साहाय्यक शिक्षक आणले. उच्च माध्यमिकाचा प्रश्न एका क्रियापदावर अडला होता. तिथला प्रवेश ‘सुकर केला जाईल’ एवढेच १९७१ चा कायदा म्हणत होता; १९८७ मध्ये घटना न्यायालयाने त्या जागी ‘सुनिश्चित केला जातो’ असे वाचायला लावले. सवलतीचा हक्क झाला तो इथे.

१९९२ च्या १०४ क्रमांकाच्या कायद्याने हे सारे एकत्र बांधले. वैद्यकीय तपासणीनंतर शिक्षक, पालक आणि आरोग्यसेवेतील तज्ज्ञ मिळून प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करतात. साहाय्यक शिक्षक हा त्या एका मुलाचा नसून संपूर्ण वर्गाचा सहशिक्षक मानला जातो, आणि या पद्धतीचा गाभा माझ्या मते हाच आहे. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन-अक्षमतांसाठी २०१० चा वेगळा कायदा आहे. त्यात साहाय्यक शिक्षक नाही, पण जादा वेळ, कॅल्क्युलेटर अशा सोयी मिळतात.

प्रत्यक्षात अनेक साहाय्यक शिक्षकांकडे विशेष प्रशिक्षण नसते. कित्येकांची नेमणूक वर्षभरापुरतीच असते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये शाळा उघडली की मुलाला अनेकदा पुन्हा एका अनोळखी माणसाची सवय करून घ्यावी लागते.