प्रभावी वस्तुमान कायमचं ठरलेलं नसतं

सोलापुरात बीएस्सीच्या मुलांमध्ये एक समज वर्षानुवर्षं भेटतो: सिलिकॉनच्या द्विमितीय थरातल्या इलेक्ट्रॉनचं प्रभावी वस्तुमान (पदार्थाच्या आत ढकलताना तो जितका जड भासतो ते) मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.१९ पट, कायमचं. चूक. तो आकडा स्फटिकाच्या रचनेतून येतो. इलेक्ट्रॉनांचं आपसातलं प्रतिकर्षण त्यात नाही.

गड्ड्याच्या जत्रेत आपली चाल गर्दी ठरवते, तसंच काहीसं. पण इथे उपमा उलटते, आणि मला तेच विलक्षण वाटतं: इलेक्ट्रॉन विरळ झाले की गतिज ऊर्जा प्रतिकर्षणापेक्षा झपाट्याने घटते, प्रतिकर्षण वरचढ ठरतं, वस्तुमान वाढतं. स्मिथ आणि स्टाइल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हे मोजून दाखवलं, चुंबकीय क्षेत्रात रोधाची आंदोलनं तापमानानुसार कशी क्षीण होतात ते पाहून. सायक्लोट्रॉन अनुनादात (चुंबकीय क्षेत्रात गोल फिरणारे इलेक्ट्रॉन ठरावीक वारंवारतेच्या लहरी शोषतात तेव्हा) मात्र ही वाढ दिसत नाही. भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर कोन यांचं १९६१ चं प्रमेय तेच सांगतं.