ड्रायव्हरची नवी आवृत्ती : काय बदललं, का बदललं आणि तुम्ही काय करायचं

सप्रेम नमस्कार,

तुमच्या मशीनवरची रीडिंग घेणाऱ्या आमच्या डेटा कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आम्ही बदलला आहे. स्क्रीनवर नवीन काही दिसणार नाही. रीडिंग तीच येतील, वेगही तोच राहील. तरी हा बदल करून घ्याच, असा आमचा आग्रह आहे. "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" असं बरेच ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक जरा सविस्तर.

रीडिंग दाखवणारं सॉफ्टवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नल, एकाच रॅममध्ये राहतात, पण त्यांचे हक्क वेगळे असतात. सॉफ्टवेअरला आपल्या वाट्याचीच मेमरी वापरता येते, कर्नलला सगळी. आमचा ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो. सॉफ्टवेअर त्याला मेमरीतल्या जागेचा एक पत्ता देतं आणि रीडिंग तिथे लिहायला सांगतं. तो पत्ता खरंच सॉफ्टवेअरच्या हद्दीतला आहे का, हे न बघता ड्रायव्हरने लिहिलं तर घात होतो. एखादा प्रोग्रॅम मुद्दाम कर्नलच्या मेमरीतला पत्ता देईल आणि ड्रायव्हरच्याच हातून कर्नलमध्ये ढवळाढवळ करून घेईल. तिथून रूटचे, म्हणजे सगळं काही करू शकणाऱ्या मुख्य खात्याचे, हक्क मिळवणं जाणत्या माणसाला अवघड नाही.

ही नुसती भीती नाही. लिनक्स कर्नलच्या ४.१३ आवृत्तीत वेटआयडी या नेहमीच्या सिस्टम कॉलचा (सॉफ्टवेअरने कर्नलला काम सांगण्याच्या ठरलेल्या वाटेचा) कोड नव्याने लिहिला गेला आणि त्यात पत्ता तपासणारी ओळ राहून गेली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ती घालावी लागली. कर्नल लिहिणारी माणसं या कामात मुरलेली असतात, तरी असं होतं. म्हणून तपासणी कोणाच्या आठवणीवर सोडू नये, ती फंक्शनच्या, म्हणजे ते काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, पोटातच असावी, असं आमचं ठाम मत आहे. कॉपी-फ्रॉम-यूजर आणि कॉपी-टू-यूजर ही फंक्शनं पत्ता स्वतः तपासतात. नावाआधी दोन अंडरस्कोअर असलेली त्यांची भावंडं तपासत नाहीत, ते काम बोलावणाऱ्यावर टाकतात. नव्या ड्रायव्हरमध्ये अंडरस्कोअरवालं एकही फंक्शन ठेवलेलं नाही. शिवाय ही फंक्शनं किती बाइट कॉपी व्हायचे राहिले तो आकडा परत देतात. शून्य आलं तरच काम पुरं झालं. तो आकडा आता प्रत्येक ठिकाणी पाहिला जातो, आणि काही उरलं असेल तर सॉफ्टवेअरला "बॅड ॲड्रेस" ही एरर मिळते. अर्धवट रीडिंग खरं म्हणून पुढे जात नाही.

सर्वांत मोठा बदल सेट-एफएस या फंक्शनचा आहे. कार्ड सुरू होताना ड्रायव्हरला डिस्कवरची कॅलिब्रेशनची, म्हणजे रीडिंग अचूक ठेवणाऱ्या आकड्यांची, फाइल वाचावी लागते. फाइल वाचणाऱ्या फंक्शनला सॉफ्टवेअरच्या हद्दीतली जागा हवी असते, ड्रायव्हरची जागा मात्र कर्नलमधली. तपासणी ती नाकारणारच. जुनी रीत अशी, की सेट-एफएस वापरून हद्दच वाढवायची, फाइल वाचायची आणि हद्द पुन्हा पहिल्यासारखी करायची. आपला पाहुणा येणार म्हणून सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन बाजूला करावा, तसं हे झालं. मधेच काही बिघडलं आणि कोड दुसऱ्या वाटेने बाहेर पडला, तर हद्द वाढलेलीच राहते. मग त्या प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमने, दिलेला कर्नलचा पत्ताही बिनदिक्कत चालतो. २०१० मध्ये नेल्सन एल्हाज यांनी यातलीच एक फट दाखवून दिली. हद्द वाढलेली असताना कर्नलमध्ये बिघाड होऊन प्रोसेस बंद पडली, तर आवराआवर करताना कर्नल त्या प्रोसेसने सांगितलेल्या पत्त्यावर शून्य लिहीत असे, मग तो पत्ता कर्नलचा का असेना. सुरक्षेतल्या त्रुटींच्या सीव्हीई या जाहीर यादीत सीव्हीई-२०१०-४२५८ या क्रमांकाने ती नोंदवलेली आहे.

एकेक फट बुजवत बसण्यापेक्षा कर्नलच्या मंडळींनी ते फंक्शनच काढून टाकायचं ठरवलं. क्रिस्टोफ हेलविग यांच्या कामामुळे डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत इंटेल-एएमडी प्रोसेसरांवरून ते गेलं. पुढे आर्न्ड बर्गमन यांनी उरलेल्या प्रोसेसरांचं काम हाती घेतलं आणि २०२२ च्या ५.१८ आवृत्तीत ते पुरं झालं. डेबियन आणि उबंटू हे लिनक्सचे दोन प्रकार. डेबियन ११ मध्ये ५.१० कर्नल आहे आणि उबंटू २२.०४ मध्ये ५.१५, त्यामुळे तिथे जुना ड्रायव्हर कंपाइलच होत नाही, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयारच होत नाही. उबंटू २०.०४ च्या मूळ ५.४ कर्नलवर तो अजून चालतो, पण जोखीमही तशीच राहते. आमचे बहुतेक ग्राहक अजून याच आवृत्तीवर आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

नवा ड्रायव्हर कॅलिब्रेशनची फाइल स्वतः उघडत नाही. रिक्वेस्ट-फर्मवेअर या फंक्शनने ती कर्नलकडे मागतो, त्यामुळे हद्द वाढवायचा प्रश्नच उरत नाही. स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर, कॉपी करणारं जुनं स्ट्रसीपीवाय काढून, जागेची मर्यादा पाळणारं स्ट्रएससीपीवाय घातलं आहे.

तुमच्याकडचं काम थोडं आहे. मशीनवर काम चालू नसेल अशा शिफ्टमध्ये लॉगिंग (रीडिंगची नोंद) थांबवा. जुन्या फोल्डरमधली कॅलिब्रेशनची फाइल आधी पेन ड्राइव्हवर घ्या, मग तीच फाइल नाव न बदलता /लिब/फर्मवेअर या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यानंतर नवा ड्रायव्हर बसवा. कर्नल ४.१४ किंवा त्यापुढचा हवा. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलवर, डिजिटल सही करावी लागते. ते काम आमचा माणूस येऊन करून देईल, सिक्युअर बूट बंद करू नका.

फाइलमधले आकडे तेच असल्यामुळे नव्याने कॅलिब्रेशन लागत नाही. मात्र ड्रायव्हर बसवल्यावर, माहीत असलेलं एक माप देऊन रीडिंग ताडून पाहा. फाइल जागेवर नसेल तर कार्ड सुरूच होणार नाही, आणि कर्नलच्या लॉगमध्ये फाइलच्या नावापुढे एरर -२ दिसेल. तसं झालं तर ड्रायव्हर पुन्हा बसवू नका, आधी फाइलचं नाव अक्षर न अक्षर तपासा. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरकही लिनक्सला चालत नाही.