जपानमध्ये जुनं घर घेतलं की व्हिसा मिळतो का?

नाही मिळत. 'जपानमध्ये रिकामी घरं फुकट वाटतात, घर घ्या आणि तिथेच राहा' हा मेसेज अजून फिरतोय. त्यापायी माणसं आयुष्याची पुंजी गुंतवायला निघतात, म्हणून हा खुलासा.

घरं रिकामी आहेत हे खरं. 2023 च्या सरकारी पाहणीत सुमारे 90 लाख. परदेशी माणसाला ती विकतही घेता येतात. पण घर नावावर झालं म्हणून राहायचा हक्क येत नाही. त्यासाठी नोकरी, शिक्षण, व्यवसाय, लग्न असं वेगळं कारण लागतं. नसेल तर स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखं जाऊन परत यायचं.

जुनी लाकडी घरं, म्हणजे कोमिन्का, फार देखणी असतात. चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या तुळया, मातीच्या भिंती. मात्र खाली वाकून बघा: कित्येकदा खांब नुसते दगडावर टेकवलेले असतात. भूकंपाचे कडक नियम जून 1981 मध्ये आले. त्याआधीचं घर असेल तर मजबुतीचा खर्च धराच. वाळवीही तपासून घ्या. प्लॉटची किमान 2 मीटर बाजू 4 मीटर रुंद रस्त्याला लागून नसेल, तर घर पाडून नवं बांधायला सहसा परवानगी मिळत नाही. किंमत पडलेली असण्यामागे अनेकदा हेच असतं.

मालमत्ता कर दरवर्षी भरावा लागतो. तुम्ही भारतात असाल तर त्यासाठी तिथे प्रतिनिधी नेमावा लागतो. इथून पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला 2.5 लाख डॉलर आहे.