उष्ण कटिबंधातील जमीनवापर आणि मातीचे गुणधर्म

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यात जंगलाचे शेत झाले, शेताचे कुरण झाले किंवा बहुवार्षिक पिकांचा मळा लागला, की मातीची घडण, सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप), सेंद्रिय कर्ब आणि पाणी मुरवण्याची क्षमता बदलते. थंड प्रदेशांपेक्षा इथे हे बदल लवकर दिसतात. उष्ण, दमट हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजतात हे एक कारण. दुसरे, अधिक महत्त्वाचे, मातीतच आहे. दीर्घकाळच्या पावसाने झिजलेल्या तांबड्या-पिवळ्या मातीत मुख्यतः केओलिनाइट हे चिकणमातीचे खनिज आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात. ही खनिजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम फारसे धरून ठेवत नाहीत. ते काम वरच्या थरातला ह्यूमस, म्हणजे कुजून उरलेला सेंद्रिय पदार्थ, करतो, आणि नांगर पहिला घाव घालतो तो त्याच थरावर. काळ्या आणि ज्वालामुखीजन्य मातीत खनिजेच बरीच पोषकद्रव्ये धरतात, म्हणून तिला हे तितके लागू नाही.

385 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मूळ जंगलाचे शेत केल्यावर सेंद्रिय कर्बाचा साठा सरासरी 25 टक्क्यांनी, बहुवार्षिक पिकांखाली 30 टक्क्यांनी आणि गवताखाली 12 टक्क्यांनी घटतो. मळा वरून हिरवागार दिसतो म्हणून त्याखालची माती जंगलासारखीच राहते, हा समज सोडायला हवा.

फरक हातानेही कळतो. जंगलातले वाळलेले ढेकूळ पाण्यात टाकले तर बराच वेळ तसेच राहते, कारण मुळे, बुरशी आणि ह्यूमस यांनी कण बांधलेले असतात. वर्षानुवर्षे नांगरलेल्या जमिनीतले ढेकूळ बघता बघता विरघळून पाणी गढूळ करते. पावसाच्या माऱ्याने शेतात हेच होते: सुटलेले कण छिद्रे बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि न मुरलेले पाणी माती घेऊन वाहते.

फिरत्या शेतीत जाळलेल्या झाडोऱ्याची राख सामू वाढवते, म्हणजे आम्लता कमी करते, आणि पिकाच्या मुळांना होणारी ॲल्युमिनियमची विषबाधा काही काळ कमी करते. राखेचा असर ओसरला की जमीन पडीक ठेवावी लागते. पडीक काळ आखूड झाला तर ही पद्धत कोलमडते.

कुरणात जमीन गुरांच्या खुरांनी दबते. ॲमेझॉनमधील मानाऊसजवळ गांडुळानेही तेच केल्याचे आढळले. जंगलातले बाकीचे मृदाजीव नाहीसे झाल्यावर पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस ही एकच जात माजली. तिने वर्षाला हेक्टरी 100 टनांहून अधिक विष्ठा टाकली, ती मोकळी करणारे दुसरे कोणी उरले नव्हते, आणि माती घट्ट झाली. गांडूळ दिसले म्हणजे जमीन चांगली, असे सरसकट म्हणता येत नाही.

भाताच्या खाचरात चिखलणी करून मातीची घडण मुद्दामच मोडतात, म्हणजे पाणी टिकते. पाण्याखाली आम्ल मातीचा सामू उदासीनतेकडे सरकतो. दलदलीतल्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीचा निचरा करून तेलमाड लावले, तर ती कुजत आणि खचत जाते.

तुलना करताना एक चूक वारंवार होते. दबलेल्या मातीच्या 30 सेंमी थरात वजनाने जास्त माती मावते, त्यामुळे कर्बही जास्त भरल्यासारखा दिसतो. म्हणून साठे समान खोलीवर नव्हे, तर मातीच्या समान वजनावर ताडून पाहावे लागतात.