सेंट हेलेना: नेपोलियनचं बेट आणि कॅलिफोर्नियातला डोंगर

रत्नागिरीत थिबा राजवाडा बघताना हद्दपारीचा विषय निघतो, गप्पा नेपोलियनवर जातात आणि कोणीतरी ठासून सांगतंच, "ते सेंट हेलेना ना? १९८० साली तिथे ज्वालामुखी फुटला होता!"

नाही हो. १८ मे १९८० ला फुटला तो अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला सेंट हेलेन्स. त्याला नाव मिळालं एका ब्रिटिश मुत्सद्द्याच्या किताबावरून. त्याला इथेच सोडू.

बेट शाळेपासून पाठ आहे: दक्षिण अटलांटिक, १८१५ पासूनची कैद, १८२१ मध्ये मृत्यू. पुढे चला.

खरा घोळ वेगळाच आहे. अगदी याच नावाचा एक डोंगर कॅलिफोर्नियात, नापा खोऱ्याच्या वरच्या टोकाला आहे. उंची १३०० मीटरच्या थोडी वर. नाव एक, खडकही दोन्हीकडे ज्वालामुखीतलाच, म्हणून दोघांनाही बिनदिक्कत 'ज्वालामुखी' म्हटलं जातं. इथे माझं डोकं फिरतं.

बेट हा खरोखर ज्वालामुखी आहे. समुद्राच्या तळावर लाव्हा साचत साचत वर आला आणि पाण्याबाहेर राहिलं तेवढं बेट. विझून सुमारे ७० लाख वर्षं झाली. मेलेला, पण ज्वालामुखीच. डोंगराचं तसं नाही. त्याचा खडक ज्वालामुखीतून आला हे खरं, पण ते थर आधी साचले आणि नंतर जमीन उचलली गेल्यामुळे उंच झाले. त्या उंचीचं श्रेय उद्रेकाला देता येत नाही. लाव्हा ओकून ओकून हा डोंगर उभा राहिला का, एवढंच विचारायचं. बेटाच्या बाबतीत हो, डोंगराच्या बाबतीत नाही.

कोकणातल्या माणसाला तर हे सांगावंच लागू नये. आंबा घाटात गाडी थांबवा आणि समोरचे कडे बघा. घावनांची चळत ठेवावी तसे आडवे थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांमधून लाव्हा वाहिला, पसरला, थिजला, त्यावर पुढचा. कडे, सुळके, घळी हे सगळं पुढचं काम, जमीन उचलली गेल्याचं आणि पावसापाण्याने झिजल्याचं. म्हणजे सह्याद्री त्या कॅलिफोर्नियातल्या डोंगराच्या पंगतीतला. नेपोलियनच्या बेटाशी त्याचं नातं खडकापुरतं.

तरी रायगडाला 'विझलेला ज्वालामुखी' म्हणणारे भेटतातच. पुरावा काय, तर वर पाणी साठलेला खड्डा आहे! अहो, ते टाकं आहे. गडावर राहणाऱ्यांना प्यायला पाणी हवं म्हणून माणसांनी छिन्नी-हातोड्याने खोदलेलं. कडेला घावही दिसतात, वाकून बघितलं तर.