लॉक झालेल्या ऑफिस कॉम्प्युटरवर स्लाइड शो

ऑफिसातल्या कॉम्प्युटरला काही मिनिटं कोणी हात लावला नाही की तो आपोआप लॉक होतो, आणि त्या लॉक झालेल्या स्क्रीनवर फोटो नाहीतर सूचनांच्या स्लाइड्स फिरत ठेवायच्या, एवढाच हा प्रकार. एचआरच्या नोटिसा, वाढदिवस, फायर ड्रिलची तारीख, 'पासवर्ड कुणाला सांगू नका' छाप पोस्टर, असलं काहीबाही त्यावर लावतात. सोपं वाटतं, पण पहिल्यांदा करणारा हमखास पॉवरपॉइंटमध्ये शो चालू करतो, लॉक करायला विंडोज आणि एल ही बटणं दाबतो आणि शो गायब.

तो बंद पडलेला नसतो, मागे चालूच असतो. विंडोज आतल्या आत वेगवेगळे डेस्कटॉप सांभाळतं, एक आपण काम करतो तो, एक लॉगिनचा आणि एक स्क्रीनसेव्हरचा. लॉक झालं की लॉगिनवाला पुढे येतो आणि आपले सगळे प्रोग्राम पडद्याआड जातात. हे मुद्दामच तसं केलंय, नाहीतर कुठलाही प्रोग्राम खोटी पासवर्डची चौकट दाखवून लोकांना फसवेल. म्हणजे स्लाइड्स पडद्यामागे ठेवून उपयोग नाही, त्या पडद्यावरच लावाव्या लागतात.

जुना आणि माझ्या मते अजूनही बरा मार्ग स्क्रीनसेव्हरचा. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग कायमचा बसायचा, त्यासाठी स्क्रीनसेव्हर आले, आता तो त्रास फारसा राहिला नाही पण सोय राहिली. विंडोजमध्ये 'फोटोज' नावाचा स्क्रीनसेव्हर आहे, त्याला फोल्डर दाखवायचं, वेग ठरवायचा आणि परत आल्यावर लॉगिन मागायच्या चौकोनात टिक करायची, की चित्रंही फिरतात आणि मशीनही लॉक. मात्र त्याला पॉवरपॉइंटची फाइल कळत नाही, फक्त चित्रं कळतात, त्यामुळे सेव्ह ॲज करून सगळ्या स्लाइड्स जेपेग करायच्या. ॲनिमेशन जातं, जाऊदे. उलट मराठी स्लाइड्सना यात फायदाच आहे, कारण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की अगम्य अक्षरं दिसतात, चित्र केलं की तो प्रश्नच मिटला.

दुसरा मार्ग खुद्द लॉक स्क्रीनचा, विंडोज 8.1 पासून तिथेच स्लाइड शो लावता येतो. सेटिंग्ज, मग पर्सनलायझेशन, मग लॉक स्क्रीन. दिसतो छान पण खोड्या फार. लॉक झाल्यावर साधारण 1 मिनिटात स्क्रीनच बंद होते, कारण लॉक स्क्रीनसाठी वेगळा टायमर असतो आणि तो पॉवरच्या नेहमीच्या यादीत दिसतच नाही, लोक दिवसभर दुसरीच सेटिंग्ज खालीवर करत बसतात. स्क्रीनला बसतील तेवढीच चित्रं घ्यायचा पर्याय चालू असेल तर लहान चित्रं गाळली जातात, आणि पॉवरपॉइंट रुंद स्लाइडचं जेपेग आपणहून 1280 बाय 720 चंच काढतं, फुल एचडी मॉनिटरला ते लहान पडतं.

आणि हे सगळं जमूनही आयटीवाले नाही म्हणू शकतात. लॉकची वेळ बहुतेक ठिकाणी ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे आयटीने ऑफिसातल्या सगळ्या मशीनना एकदम लावलेल्या नियमांतून येते, 900 सेकंद म्हणजे 15 मिनिटं हा नेहमीचा आकडा, आणि लॉक स्क्रीनवरचा स्लाइड शो बंद ठेवायची वेगळी पॉलिसीसुद्धा आहे. सुरक्षेच्या नियमावल्या ती लावायलाच सांगतात, कारण कोणीतरी चुकून आपलं पिक्चर्सचं फोल्डर जोडतो आणि क्लायंटच्या कागदांचे स्क्रीनशॉट कॉरिडॉरमधून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसत बसतात. म्हणून फोल्डर वेगळंच हवं, आणि त्यात चित्रं टाकायची मुभा एकदोघांनाच.

रिसेप्शनच्या टीव्हीची गोष्ट निराळी. तिथे लॉकच नको असतं, तिथे कसलेच हक्क नसलेलं वेगळं अकाउंट काढायचं आणि पॉवरपॉइंटचा कियॉस्क मोड, म्हणजे शो संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो तो प्रकार, लावून पीपीएसएक्स फाइल फिरत ठेवायची, ती थेट शो म्हणूनच उघडते.