मिनीमूगचा सूर ढळतो तेव्हा

मिनीमूग मॉडेल डी या १९७० च्या सिंथेसायझरचा (विजेवर स्वर तयार करणाऱ्या कीबोर्ड वाद्याचा) सूर ढळू लागला की हात लगेच स्क्रूड्रायव्हरकडे जातो. ट्रिमरला (बारीक जुळवणीच्या स्क्रूला) इतक्यात हात लावू नका. स्वर निर्माण करणाऱ्या तीन ऑसिलेटरपैकी कोण ढळतो आणि कोणाबरोबर ढळतो, हे आधी पाहा. निम्मं निदान तिथेच होतं.

यंत्र ३० मिनिटं तापू द्या, पंख्याचा वारा लागू देऊ नका. मग मिक्सरवर एकच ऑसिलेटर ठेवून ट्यूनरवरचे सेंट (सप्तकाचा १२०० वा भाग) दर १० मिनिटांनी लिहून ठेवा. यंत्रातला ए-४४० हा जुळवणीचा स्वर या कामाला नको, तोही तितकाच जुना आहे.

तिन्ही एकाच दिशेने सरकले तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा कीबोर्डवर. १ व्होल्टला एक सप्तक, म्हणजे एका सेंटला १ मिलिव्होल्टही येत नाही. त्यामुळे +१० आणि −१० व्होल्टचे पुरवठे तासभर मोजत राहा (ट्रान्सफॉर्मरपाशी २३० व्होल्ट असतात, जपून). ते स्थिर असतील तर तिसऱ्या ऑसिलेटरचा कंट्रोल स्विच बंद करा. त्याने त्याचा कीबोर्डशी संबंध तुटतो. आता तो स्थिर राहिला आणि बाकीचे दोन ढळले, तर दोष कीबोर्डच्या बाजूला.

एकटाच ऑसिलेटर ढळत असेल तर बहुधा उष्णता. व्होल्टेजचं सप्तकांत रूपांतर करणाऱ्या ट्रान्झिस्टरला प्रवाह दुप्पट करायला साधारण १८ मिलिव्होल्ट लागतात, आणि हा आकडा दर अंशाला सुमारे ०.३३ टक्क्यांनी वाढतो. तापमानाची भरपाई नसेल तर ५ अंशांत प्रत्येक सप्तक जवळजवळ २० सेंटने आखडतं! म्हणून तिथे जुळवलेली ट्रान्झिस्टरची जोडी आणि तापमानाबरोबर रोध वाढणारा रेझिस्टर लावतात. काही यंत्रांत चिपच ठरावीक तापमानावर गरम ठेवतात. सगळे स्वर सारखेच सरकले तर जोडी तपासा, सप्तकांचं अंतर बदललं तर भरपाईचा रेझिस्टर. फ्रीझर स्प्रेचा (भाग झटकन थंड करणाऱ्या स्प्रेचा) बारीक फवारा एकेका भागावर मारा. सूर जिथे उडी मारेल तो भाग संशयित. नुसते खडखडाटी धक्के बसत असतील तर मात्र ट्रिमर किंवा कनेक्टर खराब झालेला असतो.

कळ सोडल्यावरच सूर घसरतो का, हेही पाहा. डीकेचा (स्वर विरत जाण्याचा) स्विच चालू करून डीके लांबवा आणि ऐका. घसरत असेल तर स्वराचं व्होल्टेज धरून ठेवणारा कपॅसिटर गळतो आहे. तो बदलण्याआधी त्याच्याभोवतीचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा मोजा. धूळ आणि सोल्डरिंगच्या जुन्या फ्लक्समधूनही तेवढी गळती होते.